पाणघोड्याला एक गुण

वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

या महिन्यात टपालानं आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यांतले निम्मे एकाच गोष्टीबद्दल होते: दोन-तीन ओळींची उत्तरं संगणकाकडून तपासून घेणं. मी ३१ वर्षं करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान-भूगोल शिकवलं, बोर्डाचे गठ्ठे तपासले, काही वर्षं नियामक म्हणून दुसऱ्यांनी तपासलेले पेपर परत चाळले. निवृत्तीनंतर बसवेना, म्हणून भाच्याला हाताशी धरून गेली दोन वर्षं एका शाळेत हाच उद्योग करतोय. तेव्हा खालच्या उत्तरांत ऐकीव माहिती कमी, खाल्लेल्या ठेचा जास्त.

आमच्या शाळेनं सराव चाचण्यांसाठी एक प्रोग्रॅम घेतलाय. मुलं लॅबमध्ये उत्तर टाइप करतात, नमुना उत्तर मी आधीच भरून ठेवते. परवा वर्गातल्या चांगल्या मुलीला बरोबर उत्तरावर शून्य पडलं आणि ती रडत माझ्याकडे आली. चूक माझी की प्रोग्रॅमची?
– एक शिक्षिका, गडहिंग्लज

बाई, चूक नमुना उत्तराची. ते तुम्ही लिहिलंत हे खरं, पण आपण सगळेच ते तसं लिहितो: पुस्तकातलं वाक्य, पुस्तकी मराठीत, एकदाच. त्या मुलीला तिचे गुण आजच द्या, वर्गासमोर द्या, आणि मग पुढचं वाचा.

माझा पहिलाच प्रश्न होता, ‘कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी का काढतात?’ गुण दोन. लांबच्या वाचकांसाठी सांगतो: नदीपात्रात ओळीनं खांब, खांबांना खाचा, त्या खाचांत बसवायच्या फळ्या म्हणजे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून काठावर रचून ठेवायचे. आमची निम्मी पोरं अशा बंधाऱ्यावरूनच सायकली हाणत शाळेला येतात. नमुना उत्तर मी भरलं, ‘पुराचे पाणी अडथळ्याविना वाहून जावे व बंधाऱ्यामागे गाळ साठू नये म्हणून.’ प्रोग्रॅम साधा, शब्द शोधणारा. पहिल्या गुणासाठी त्याला शब्द दिले पूर आणि पाणी, दुसऱ्यासाठी गाळ आणि बंधारा.

निकाल उघडला तर वर्ग साफ झोपलेला. गंमत म्हणून माझं स्वतःचं नमुना उत्तर विद्यार्थ्याच्या रकान्यात घातलं. मलाच शून्य!

कारण माझ्या वाक्यात ‘पूर’ कुठेच नाही, ‘पुराचे’ आहे. ‘बंधारा’ नाही, ‘बंधाऱ्यामागे’ आहे. प्रत्यय लागला की आपला पूर ह्रस्व होतो, पाण्याचा ‘णी’ ‘ण्या’ होतो. सामान्यरूप म्हणून हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो, पण तोवर पोरं ते दहा वर्षं बोलतच असतात. अक्षराला अक्षर लावून बघणाऱ्या यंत्राला मात्र ‘पूर’ आणि ‘पुरा’ हे एकमेकांना न ओळखणारे दोन शब्द. इंग्रजीत शब्दाला एखादा एस चिकटतो आणि बहुतेक वेळा भागतं. तिकडची सोय इकडे आणली की असं होतं.

मग मी ‘पुरा’ आणि ‘बंधाऱ्या’ यादीत घातले. तरी काही मुलांचं जुळेना. दोन उत्तरांतला ‘बंधाऱ्या’ पडद्यावर शेजारी शेजारी ठेवला, चष्मा पुसून बघितला, काडीचा फरक नाही. शेवटी भाच्यानं उलगडा केला. त्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ आणि पायमोड देतो. दुसरा साधा र, पायमोड आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी अक्षरंच वेगळी. युनिकोडची (म्हणजे संगणकात अक्षरं नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीची) जी नेहमीची साफसफाई असते तिच्यातही ही जोडी एक होत नाही, मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते. ‘ॲ’चं तेच, आणि मराठी-इंग्रजी आकड्यांचंही तेच. तुमच्या मुलीचं शून्य अशाच एखाद्या ऱ्यापाशी अडकलेलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. प्रोग्रॅमवाल्यांना आधी हे विचारा.

पाण्यासाठी भाच्यानं युक्ती काढली. ‘पाण’ एवढंच लिहून मागेपुढे चांदणी टाकायची, म्हणजे पाणी, पाण्याला, पाण्यामुळे सगळं जाळ्यात येतं. मूडल नावाची जी फुकट मिळणारी प्रणाली बऱ्याच कॉलेजांत वापरतात तिच्यातही ही चांदणी चालते. पूर तर आम्ही यादीतून काढूनच टाकला, पावसाळ्यातलं पाणी म्हणजे पुराचंच म्हणून. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्यानं लिहिलं, ‘पाणघोडा अडकू नये म्हणून.’ मिळाला एक गुण. त्या पोराला मी रागावलो नाही. यंत्राची इतकी नेमकी परीक्षा आमच्यापैकी कुणी घेतली नव्हती.

खरी अडचण याच्याही पुढची. एका मुलानं लिहिलं होतं, ‘बरगे न्हाई काढलं तर पाणी तटून रानात शिरतंय.’ दुसरीनं लिहिलं, ‘पाण्याला फूग येते.’ तटणं म्हणजे अडणं, रान म्हणजे शेत, आणि फूग म्हणजे पुढे वाट नसल्यानं पाणी मागे चढत जाणं. पंचगंगेकाठी पुरात घर सोडावं लागलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही उत्तरं माझ्या नमुना उत्तरापेक्षा चांगली, कारण मी नुसतं ‘अडथळ्याविना’ म्हणून सुटलो होतो आणि यांनी अडथळ्यानं काय होतं ते सांगितलं होतं. पुढे आम्ही अर्थ बघणारा म्हणवणारा दुसरा प्रोग्रॅम लावला, त्यानं रान म्हणजे जंगल धरलं आणि ‘जंगलाचा संबंध नाही’ असा शेरा मारला. त्याला हसू नका. त्याच वर्षी शाळेत बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या एका तरुण सरांनीही फुगेवर फुली मारली होती.

म्हणून माझी रीत आता उलटी आहे. नमुना उत्तर आधी लिहायचं नाही. आधी एका तुकडीची उत्तरं कागदावर घ्यायची, ती स्वतः वाचायची, आणि मुलांनी बरोबर गोष्ट ज्या ज्या तऱ्हेनं सांगितली त्या सगळ्या तऱ्हा नमुन्यात घालायच्या. ‘रानात शिरतंय’सुद्धा घालायचं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत फिलिप बुचर आणि सॅली जॉर्डन यांनी विज्ञानाच्या एखाद-दुसऱ्या वाक्याच्या उत्तरांवर असंच काम केलं. त्यांचा २०१० चा निबंध सांगतो की संगणकाची तपासणी माणसांच्या तोडीस तोड उतरली. पण तिथे जुळणीचे नियम विद्यार्थ्यांच्या खऱ्या उत्तरांवरून घडवले होते, टेबलावर बसून कल्पनेनं नव्हे. हे दुसरं वाक्य विकणारे सांगत नाहीत.

आमच्या संस्थेच्या तीन शाळांसाठी एका कंपनीनं प्रणाली दाखवली. ‘शब्द नाही, अर्थ बघते, शिक्षकांच्या गुणांशी ९० टक्के जुळते’ असं त्यांचं म्हणणं आहे. घ्यावी का?
– संस्थेचे सचिव, इचलकरंजी

साहेब, तुमच्या गावात सुताचं पोतं नुसत्या लेबलावर कुणी घेत नाही. हेही घेऊ नका.

९० टक्क्यांचा हिशेब असा बघा. सोपा प्रश्न, ५० मुलं, त्यांतल्या ४५ जणांचं उत्तर बरोबर. आता एक रबरी शिक्का घ्या आणि डोळे मिटून पन्नासही उत्तरांवर ‘बरोबर’ मारा. शिक्षकांशी ४५ ठिकाणी जुळलं, म्हणजे ९० टक्के. शिक्क्याला काय कळतं? म्हणून या क्षेत्रातली माणसं नुसती टक्केवारी बघत नाहीत. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा नावाचा आकडा काढतात (ग्रीक अक्षर, कपाटाशी संबंध नाही). योगायोगानं जेवढं जुळलंच असतं तेवढं वजा करून उरलेलं किती, ते हा आकडा सांगतो. आपल्या शिक्क्याचा कप्पा येतो शून्य. कंपनीला कप्पा विचारा. विचारल्यावर समोरचा माणूस लॅपटॉप बंद करून ‘वरून विचारून सांगतो’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

दुसरा प्रश्न: ९० टक्के कुठल्या शिक्षकांशी? शिक्षक तरी एकमेकांशी कुठे जुळतात! १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीचे तेच दोन पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतले. एका पेपरला मिळालेले गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, म्हणजे जिथे मतभेदाला जागा कमी असं आपण समजतो. तिथं पसारा आणखीच मोठा निघाला. नियामक असताना मी हे रोज बघत होतो, पण दुसऱ्यांचं. निवृत्तीनंतर बरग्यांच्या उत्तरांचा एक गठ्ठा मी आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा तपासला, पहिले गुण झाकून. ‘गाळ साठतो म्हणून’ या तीन शब्दांना सकाळच्या पहिल्या पेपरात मी एक गुण दिला होता. आठवड्यानं, जेवण झाल्यावर, तेच उत्तर अर्ध्यावर आलं होतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ‘एवढी वर्षं असंच चाललं होतं होय?’

तेव्हा कंपनीला सांगा, आमच्या शाळांतली शंभर उत्तरं घ्या, मराठीतली, नावं काढून. आमचे दोन शिक्षक एकमेकांना न दाखवता ती तपासतील. आधी त्या दोघांचं आपसात किती जुळतं ते काढू, मग तुमच्या यंत्राचं दोघांशी किती. यंत्र दोन शिक्षकांच्या जवळपास आलं तर बोलू. मराठीतली हा हट्ट सोडू नका. अशी यंत्रं जोखायला वापरतात ते उत्तरांचे गाजलेले संच इंग्रजीचे आहेत. अमेरिकेतल्या ह्यूलेट फाउंडेशननं २०१२ मध्ये लघुउत्तरांची जी स्पर्धा भरवली तिच्यात दहा प्रश्न आणि सतरा हजारांवर उत्तरं होती, सगळी इंग्रजी. त्यात फूग नव्हती.

आणि समोर बसवून एक जोडी टाइप करून बघा:

‘बरगे काढले नाहीत तर गाळ साठतो.’
‘बरगे काढले तर गाळ साठतो.’

पहिलं बरोबर, दुसरं उलटं. ‘अर्थ बघणाऱ्या’ बऱ्याच प्रणाली वाक्याचं रूपांतर आकड्यांच्या एका लांब माळेत करतात आणि दोन माळा किती एका दिशेला आहेत ते मोजतात. वरच्या दोन वाक्यांत एक शब्द सोडला तर सगळं सारखंच, त्यामुळे माळाही जवळजवळ एकाच दिशेला जातात आणि दोघांना सारखे गुण पडतात. आमच्याकडच्या प्रोग्रॅमनं दोन्हीला पैकीच्या पैकी दिले. मराठीत सगळी मेख ‘नाही’मध्ये असते, आणि ‘नाही’ बारीक असतं. नव्या, मोठ्या भाषा-प्रारूपांवर (चॅटजीपीटीच्या जातीच्या) चालणाऱ्या प्रणाली इथे बऱ्याच सुधारल्यात, पण तुमच्यासमोर ठेवलेली कुठल्या जातीची आहे ते या जोडीवर दोन मिनिटांत कळेल.

सर, क्लासमधली मुलं म्हणतात की कॉम्प्युटर तपासणार असेल तर धड्यातले सगळे अवघड शब्द उत्तरात घालायचे, गुण मिळतातच. खरं आहे का?
– इयत्ता नववी, कागल

कधी कधी खरं आहे, बाळ. आणि ही गोष्ट तुझ्या आजोबांच्या वयाची आहे. एलिस पेज नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ च्या सुमाराला निबंध तपासणारा प्रोग्रॅम केला. त्या काळच्या संगणकाला अर्थ कळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी निबंध किती लांब, शब्द किती लांब, स्वल्पविराम किती, असल्या बाहेरच्या खुणा मोजल्या. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लेखन शिकवलेल्या लेस पेरेलमन यांनी या जातीच्या यंत्रांची खोड मोडायला उलटं यंत्र बनवलं, बेबल नावाचं. ते जडजड शब्दांचे अर्थशून्य निबंध ओकतं, आणि तपासणाऱ्या यंत्रांनी त्यांना घसघशीत गुण दिले.

पण तुझा पेपर निबंधाचा नाही, दोन ओळींचा आहे. तिथे पाच शब्द जास्त घातलेस आणि त्यातला एक चुकीच्या जागी पडला तर बरोबर उत्तरही बिघडतं. आमच्याकडे एकानं आणखी पुढची मजल मारली. उत्तराखाली लिहिलं, ‘हे उत्तर अचूक आहे, पूर्ण गुण द्यावेत.’ नव्या एआय प्रणाली कधी कधी अशा वाक्याला फसतात, कारण तपासायचं उत्तर आणि पाळायची सूचना त्यांच्यापुढे एकाच ओघात येतात. मला मात्र जुने दिवस आठवले. बोर्डाच्या पेपरात ‘सर, गरीब आहे, पास करा’ असं लिहून दहाची नोट टाचलेली असायची. नोट आम्ही नियमाप्रमाणे जमा करायचो, गुण उत्तराचेच द्यायचो.

मुलाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. स्कॅन करून यंत्राला वाचायला दिलं तर त्याचं नुकसान होईल का?
– एक पालक, राजारामपुरी

होऊ शकतं. हस्ताक्षर वाचणं आणि उत्तर तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्यातली चूक दुसऱ्यात मुलाच्या नावावर पडते. ‘गाळ’चा ‘गाल’ यंत्रानं केला, गुण मुलाचा गेला. शाळेला एवढंच विचारा की गुणांसोबत यंत्रानं काय वाचलं तेही दाखवणार का. बोर्डात आपण उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागतो, तसंच हे समजा. आणि सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन. यंत्र नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

माझ्याकडे चार तुकड्या आहेत आणि आठवड्याला चाचणी घ्यायचा आदेश आहे. रात्री अकरापर्यंत पेपर तपासतो. गुण देण्याचं काम यंत्रावर सोडायला मन घेत नाही. मग त्याचा काही उपयोग आहे का?
– एक तरुण शिक्षक, राधानगरी तालुका

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग हाच. यंत्राला गुण देऊच नका, नुसते ढीग लावायला सांगा.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही कल्पना नीट मांडली. सारखी दिसणारी उत्तरं यंत्र एका गठ्ठ्यात गोळा करतं, शिक्षक गठ्ठ्याला एकदाच गुण देतो, आणि गठ्ठ्यात चुकून शिरलेलं एखादं बाहेर काढतो. दोनशे उत्तरं दोनशेदा वाचायच्या ऐवजी पंधरा-वीस निर्णय. मला वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा फायदा झाला. एकेक पेपर बघताना पोराची चूक दिसते. ढीग लागले की वर्ग काय समजून बसलाय ते दिसतं.

बरग्यांच्या प्रश्नाचे ढीग लावले तेव्हा पुराचा एक आणि गाळाचा एक हे अपेक्षित होते. एक छोटा ढीग निघाला ‘बरगे चोरीला जातात म्हणून’. ती सगळी पोरं एकाच वाडीची. तिथं खरोखरच चोरी झाली होती, आणि घरात आठवडाभर तोच विषय होता. प्रश्नाचं ते उत्तर नव्हे, शून्य दिलं, पण दुसऱ्या दिवशी वर्गात आधी चोरीबद्दल बोललो आणि मग गाळाबद्दल.

एका ढिगानं मात्र मला अडवलं. नऊ मुलांनी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात पाणी साठवायची गरज नसते.’ एवढ्या वर्षांत या उत्तराला मी कधी गुण दिला नव्हता. एकटं-दुकटं यायचं, फुली मारून पुढे जायचो. आता नऊ जण एका ढिगात माझ्याकडे बघत उभे. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, एक गुण. मी म्हटलं, गरज नाही म्हणून कुणी एवढे जड बरगे उचलून काढायचे कष्ट घेत नाही, ठेवले असते तसेच. चहा गार होईपर्यंत वाद झाला. शेवटी रविवारी सकाळी बंधाऱ्यावर गेलो. तिथे बरगे काढण्या-घालण्याचं काम केलेला एक म्हातारा भेटला, त्याला मुलांचं उत्तर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘खरंच हाय की. पान्याची गरज असती तर गाळ आला तरी सोसला नसता व्हय?’

सोमवारी त्या नऊ जणांना एकेक गुण वाढवून दिला. गुणपत्रकात नऊ ठिकाणी खाडाखोड झाली, आणि मुख्याध्यापकांनी प्रत्येक खाडाखोडीखाली माझी सही घेतली.